अटलांटिक सिटीला आईबाबांना घेऊन जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत मे महिना लागला की भारतातून आईवडील, सासूसासरे यायला लागतात. न्यू यॉर्क होतं, नायगारा होतो, वॉशिंग्टन होतं आणि मग कोणीतरी म्हणतं, "अटलांटिक सिटीला जाऊन येऊ." न्यू जर्सीच्याच किनाऱ्यावरचं हे कॅसिनोंचं गाव. आम्ही बरीच वर्षं एडिसनला आहोत. दोन्हीकडचे आईवडील, मावश्या, मामा, नवऱ्याच्या ऑफिसातली नवी मुलं, सगळ्यांना घेऊन मी तिथे गेले आहे. त्यामुळे मंडळात ओळखीचं कोणी निघालं की फोन मलाच येतो. तेच तेच प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय.

आम्हाला जुगार खेळायचाच नाही. मग जाण्यात काही अर्थ आहे का?

आहे, आणि माझ्या मते तुमच्यासारख्यांनीच जावं. अटलांटिक सिटी म्हणजे कॅसिनो हे समीकरण १९७८ नंतरचं. गाव त्याआधी सव्वाशे वर्षं समुद्राच्या जोरावर चाललं होतं. १८५४ साली फिलाडेल्फियाकडून इथे रेल्वे आली. जोनाथन पिटनी नावाच्या एका डॉक्टरांनी समुद्राची हवा प्रकृतीला चांगली असं सांगत वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता, त्यातून हे वाळूचं बेट वसलं. ती हवा आजही फुकट आहे.

एक गोष्ट मात्र आवर्जून करा. एक रात्र मुक्काम ठेवा आणि पहाटे उठून किनाऱ्यावर जा. आपण कोकणातली, गोव्यातली माणसं सूर्य समुद्रात बुडताना बघत मोठी झालो. इथे तो समुद्रातून वर येतो. माझे सासरे मूळचे गुहागरचे. पहिल्यांदा त्यांना नेलं तेव्हा ते पहाटे साडेपाचला स्वेटर घालून वाळूत उभे होते. पाणी आधी शिसवी, मग तांबूस, मग एकदम डोळ्यांत न मावणारं झालं. त्यांनी चपला काढल्या, लाटेचं पाणी ओंजळीत घेतलं आणि अर्घ्य दिलं. मला म्हणाले, "सत्तर वर्षं समुद्राशेजारी काढली, पण त्याच्याकडे तोंड करून अर्घ्य द्यायची ही पहिलीच वेळ."

कसं जायचं?

मध्य जर्सीतून गाडीने जाणं सगळ्यात सोपं. गार्डन स्टेट पार्कवे धरून दक्षिणेला जायचं, ३८ नंबरच्या एक्झिटला अटलांटिक सिटी एक्सप्रेसवे लागतो, तो थेट शहरात उतरतो. एडिसनहून साधारण शंभर मैल. रस्ता मोकळा असेल तर दोन तासांच्या आत पोचता. उन्हाळ्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी मात्र अख्खी उत्तर जर्सी समुद्राकडे निघालेली असते, तेव्हा किती वेळ लागेल याचा नेम नाही. शनिवारी पहाटे निघालात तर बरं पडतं.

ट्रेन फक्त फिलाडेल्फियाहून आहे. थर्टीथ स्ट्रीट स्टेशनवरून न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी सुमारे दीड तासात पोचवते. न्यू यॉर्कहून सरळ ट्रेन नाही. मध्ये दोन-तीन वर्षं होती, २०११ नंतर ती बंद झाली. न्यू यॉर्कच्या पोर्ट अथॉरिटी बस स्थानकाहून ३१९ नंबरची बस मिळते.

शहरात फिरायला जिटनी नावाच्या छोट्या बस आहेत. आपल्याकडच्या शेअर रिक्षांची शिस्तशीर थोरली बहीण म्हणा. १९१५ पासून चालू आहेत आणि प्रत्येक गाडीचा मालकच बहुधा चालक असतो. गाडी पार्किंगमध्ये एकदा लावली की परत काढायची नाही, असं ठरवून टाका. कॅसिनोंच्या पार्किंगचे पैसे प्रत्येक वेळी नव्याने पडू शकतात.

कधी जावं?

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, मंगळवार किंवा बुधवार गाठून. शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी ओसरते आणि पाणी ऑगस्टइतकंच ऊबदार राहतं. खोलीचा दर शनिवारी जो असतो त्याच्या निम्म्याहूनही कमी दराने आम्हाला त्याच हॉटेलात बुधवारी खोली मिळाली आहे.

जुलैत जाणार असाल तर वारा बघा. वारा समुद्राकडून येत असेल तर स्वर्ग. तोच जमिनीकडून, म्हणजे मागच्या खाजणावरून येत असेल, तर हिरव्या डोळ्यांची एक मोठी माशी सोबत येते. तिला इथे ग्रीनहेड म्हणतात. ती चक्क कातडं कापते. घरगुती उपायांनी तिचं काही होत नाही. लांब बाह्यांचे कपडे घाला किंवा अशा दुपारी आत बसा.

हिवाळ्यात वाऱ्याने कान दुखतात, पाळणे बंद असतात आणि बोर्डवॉक जवळजवळ रिकामा असतो. मला तो आवडतो, पण भारतातून आलेल्या वडीलधाऱ्यांना तेव्हा नेऊ नका.

समुद्रात उतरायला पैसे पडतात का?

नाही. जर्सीच्या किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत उन्हाळ्यात वाळूवर पाय ठेवायला बिल्ला विकत घ्यावा लागतो. अटलांटिक सिटीचा किनारा सगळ्यांना मोकळा आहे. आपल्यासारख्या सात-आठ जणांच्या कुटुंबाला हा फरक जाणवतो.

पोहायचं ते लाइफगार्डच्या समोरच, हा नियम मात्र मोडू नका. या किनाऱ्यावर ओढ फार जोरात असते. लाट फुटल्यावर मागे जाणारं पाणी एका पट्ट्यातून नदीसारखं आत वाहतं आणि त्यात सापडलेला माणूस किनाऱ्याकडे सरळ पोहत राहिला तर दमून जातो. त्यातून सुटायचं तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं. हे मुलांना गाडीतच समजावून सांगा. सलवार-कमीज किंवा साडी नेसून गुडघाभर पाण्यात उभं राहिलेलं कोणाला खटकत नाही. फक्त ओली साडी लाटेत पायाला गुंडाळते, म्हणून हात धरून उभ्या राहा.

बोर्डवॉक, बोर्डवॉक म्हणतात ते नेमकं काय?

समुद्राला लागून बांधलेला लाकडी फळ्यांचा रस्ता. पण तो बांधला कशासाठी हे ऐकण्यासारखं आहे. समुद्रावर फिरून आलेले पाहुणे पायांना, झग्यांना वाळू घेऊन हॉटेलांत आणि रेल्वेच्या डब्यांत शिरत. गालिचे खराब होत, डबे झाडून नोकर थकत. म्हणून अलेक्झांडर बोर्डमन नावाचा रेल्वेतला कंडक्टर आणि जेकब कीम नावाचा हॉटेलवाला यांनी गावापुढे कल्पना मांडली की वाळूवर फळ्या टाकू. १८७० साली पहिला बोर्डवॉक झाला. अमेरिकेतला पहिलाच. पायाची वाळू दाराबाहेर झटकायची एवढाच त्यामागचा हेतू. आपल्या घरच्या पायपुसण्याची गोष्ट इथे काही मैल लांब झाली.

आज शहराच्या हद्दीतला भाग सुमारे चार मैल आहे, आणि पुढे व्हेंटनॉर गावात तो तसाच चालू राहतो. चालताना एकदा खाली बघा. फळ्या सरळ नाहीत, माशाच्या काट्यासारख्या तिरक्या बसवल्या आहेत. जुन्या फळ्या करड्या पडतात आणि मधेच नवी बसवलेली पिवळसर दिसते. भरतीच्या वेळी फटींतून खालचा गारवा पायाला लागतो. फळ्यांखाली मांजरांची मोठी वस्ती आहे. त्यांची नसबंदी करून, खाऊपिऊ घालून सांभाळ करणारे स्वयंसेवक गेली वीसहून अधिक वर्षं काम करतायत. संध्याकाळी वाळूतल्या गवतात एखादी बसलेली दिसेल.

२०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळ जमिनीवर आलं ते इथून अगदी जवळच, ब्रिगंटाइनपाशी. तेव्हा दूरदर्शनवर पुन्हा पुन्हा दिसणारा मोडका बोर्डवॉक शहराच्या उत्तर टोकाचा होता. हॉटेलांसमोरचा मोठा भाग टिकला.

आणखी एक. मोनॉपॉली हा खेळ माहीत असेल. त्याच्या अमेरिकी पटावरच्या रस्त्यांची नावं इथलीच आहेत. बाल्टिक अव्हेन्यू, पार्क प्लेस, बोर्डवॉक, सगळे खरे रस्ते. आपण मे महिन्याच्या सुट्टीत सतरंजीवर पसरून खेळायचो तो व्यापार याच घराण्यातला. मुलांना पाट्या शोधायला लावा, चालायला कुरकुर करत नाहीत.

आईचे गुडघे दुखतात. एवढं चालणं कसं होणार?

बोर्डवॉक पूर्ण सपाट आहे आणि बसायला बाक आहेत. शिवाय वेताच्या खुर्च्या मिळतात. दोन माणसं बसतील एवढी, वर छत असलेली, चाकांची खुर्ची असते आणि माणूस ती मागून ढकलतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून ही पद्धत आहे. आमच्या आईला आधी फार संकोच वाटला. माणसाने माणसाला ढकलायचं हे तिच्या मनाला पटेना. ढकलणारा तरुण बांगलादेशातून आलेला होता. त्याने तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं, "आंटी, बैठिए, आप नहीं बैठेंगी तो मेरा क्या होगा?" मग ती बसली. उतरेपर्यंत त्याच्या गावाची, आईची सगळी चौकशी करून झाली होती. भाडं आधी नक्की करा आणि वर टिप द्या. त्याच्या कमाईत टिपेचा वाटा मोठा असतो.

कॅसिनोत जायला काय लागतं?

वय एकवीस पूर्ण आणि सरकारी ओळखपत्र. भारतातून आलेल्यांनी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. फोनमधला फोटो चालेलच असं धरू नका. प्रवेशाचे पैसे नाहीत, ठरावीक पोशाख नाही. आत गेलात म्हणून खेळलंच पाहिजे असंही नाही.

हॉटेलात खोली घेतानासुद्धा बहुतेक ठिकाणी एकवीसची अट असते, म्हणून विद्यार्थ्यांनी आधी विचारून घ्यावं. खोलीच्या दराशिवाय रिसॉर्ट फी नावाची रक्कम रोज आकारतात आणि अनामत म्हणून कार्डावरचे काही पैसे अडकवून ठेवतात. ती अनामत भारतातल्या डेबिट कार्डावर देऊ नका, सुटायला फार दिवस लागतात. आमच्या पाहुण्यांचे ऐन प्रवासात पैसे अडकले होते.

मुलांना घेऊन गेलो तर?

हॉटेलात, दुकानांत, बोर्डवॉकवर काहीच अडचण नाही. कॅसिनोच्या खेळायच्या जागेत मुलांना थांबता येत नाही, ठरलेल्या वाटेने पलीकडे जाऊ देतात इतकंच. "तू इथे कडेला उभा राहा, मी दोन मिनिटांत आले" असं कृपा करून करू नका.

स्टील पिअर हा १८९८ सालचा धक्का मुलांसाठी उत्तम. एके काळी तिथे उंचावरून पाण्याच्या हौदात घोड्यासह उडी मारायचा खेळ चालायचा. आज पाळणे आहेत आणि २२७ फूट उंचीचं मोठं चाक आहे. त्याचे डबे बंद असल्यामुळे आजीलाही बसवता येतं. वरून शहराची अरुंद पट्टी, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाजण असं एकदम दिसतं, आणि आपण एका बेटावर आलो आहोत हे तेव्हा खरं कळतं.

आत नेमकं कसं असतं? बाबांना दम्याचा त्रास आहे.

मग त्यांना आत फार वेळ ठेवू नका. न्यू जर्सीत बंद जागेत धूम्रपानाला २००६ पासून बंदी आहे, पण कॅसिनोंना त्यातून सूट मिळाली. खेळायच्या जागेच्या पाव भागात सिगारेट ओढायला परवानगी आहे, आणि धूर काही रेघ ओळखत नाही. तिथे काम करणारे डीलर, म्हणजे टेबलावर पत्ते वाटणारे, चाक फिरवणारे कर्मचारी, वर्षानुवर्षं ही सूट रद्द व्हावी म्हणून झगडतायत. आठ-आठ तास त्या धुरात उभं राहणाऱ्या माणसांच्या फुफ्फुसांची किंमत कमी धरली गेली, हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

बाकी दृश्य असं: खिडकी नाही, घड्याळ नाही, पायाखाली भडक नक्षीचा गालिचा आणि हजारो यंत्रांचा एकाच सुरातला आवाज. नाण्यांचा खणखणाट आता नाही. यंत्रात नोट घालायची, थांबायचं असलं की बटण दाबायचं, कागदाची चिठ्ठी बाहेर येते. तिच्यावर उरलेली रक्कम छापलेली असते आणि ती दुसऱ्या यंत्रातून रोख करून घ्यायची. माझ्या पर्समध्ये अजून एक सदतीस सेंटची चिठ्ठी आहे, आईने पहिल्यांदा खेळलेली.

जिंकायची शक्यता किती?

गणिताने सांगते. रूलेट म्हणजे फिरत्या चाकात चेंडू सोडून आकड्यावर पैज लावायचा खेळ. इथल्या नेहमीच्या चाकावर अडतीस घरं असतात. एक ते छत्तीस, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. तुमचा आकडा लागला तर पस्तीस पट मिळतात. म्हणजे अडतीसही घरांवर एकेक डॉलर लावला तर हातात छत्तीस परत येतात, दोन जातात. शंभरामागे सव्वापाच. काही टेबलांवर आता तिसरं शून्यही असतं, तिथे कॅसिनोचा वाटा आणखी वाढतो. बसण्याआधी शून्यं मोजा.

अटलांटिक सिटीत एक जुनी सवलत आहे. दोन शून्यांच्या चाकावर लाल-काळा किंवा सम-विषम असा सारख्याला सारखा डाव लावला आणि चेंडू शून्यात पडला, तर पैज निम्मीच जाते. असा नियम त्या टेबलावर आहे का हे डीलरला विचारायला लाजू नका, तो नीट सांगतो.

ब्लॅकजॅक हा एकवीसच्या जवळ पोचायचा पत्त्यांचा खेळ. पहिल्या दोन पानांतच एकवीस झाले तर त्यालाही ब्लॅकजॅकच म्हणतात. त्याला तीनास दोन देतात की सहास पाच, हे टेबलावरच्या हिरव्या कापडावर छापलेलं असतं. तीनास दोनवाल्या टेबलावर दहा डॉलरला पंधरा मिळतात, सहास पाचवर बारा. छोटी अक्षरं, पण रात्रभरात फरक मोठा पडतो.

स्लॉट यंत्रांनी लावलेल्या रकमेपैकी किमान ८३ टक्के परत दिले पाहिजेत असा राज्याचा नियम आहे. लोक हे ऐकून खूश होतात. पण ते परतलेले पैसे माणूस पुन्हा यंत्रातच घालतो, आणि प्रत्येक फेरीला वाटा कापला जातो. यंत्र काही सेकंदांत एक फेरी पुरी करतं. म्हणून सगळ्यात निरुपद्रवी दिसणाऱ्या यंत्रापाशी पैसे सगळ्यात लवकर संपतात.

मग किती पैसे न्यावेत?

गेलेले घरी गेल्यावर आठवणार नाहीत, एवढेच. आमच्याकडे प्रत्येकाला वीस डॉलर पाकिटात घालून देतो आणि कार्डं खोलीतल्या तिजोरीत राहतात.

या प्रश्नाला मला जास्त सांगायचं आहे. आमच्या ओळखीत एक काका होते. निवृत्त होऊन मुलाकडे आलेले, काकू आधीच गेल्या होत्या. घरातली सगळी सकाळी सातला बाहेर पडायची ती संध्याकाळीच परतायची. गाडी चालवता येत नव्हती. त्यांना कोणीतरी कॅसिनोच्या बसबद्दल सांगितलं. बस सकाळी नेते, संध्याकाळी आणते, आणि पोचल्यावर खेळायला थोडे पैसेही जमा करून देते. ते आठवड्यातून एकदा जायला लागले, मग दोनदा. बसमध्ये त्यांच्या वयाचे चिनी, कोरियन, गुजराती आजोबा-आजी असायचे. डबे वाटून खायचे. तिथे पोचल्यावर यंत्रापाशी बसायचे, कारण बसायला दुसरी जागा नव्हती आणि परतीची बस सहा तासांनी होती. दोन वर्षांत त्यांनी भारतातला फ्लॅट विकून आलेले बरेचसे पैसे घालवले. मुलाला कळलं तेव्हा तो संतापला, आणि काका एवढंच म्हणाले की तिथली मुलगी मला नावाने हाक मारते.

म्हणून सांगते, आईबाबा एकदा हौसेने आले तर खुशाल न्या. पण पुन्हा पुन्हा जायचं म्हणायला लागले तर पैशांचा हिशेब नंतर विचारा. आधी त्यांचा दिवस कसा जातो ते विचारा. वाचनालय, ज्येष्ठांचं केंद्र, मंडळाचा भजनाचा गट, कुठे तरी त्यांना पोचवायची सोय करा.

आणि नाद लागलाच असेल तर लपवू नका. १-८००-४२६-२५३७ ही मदतीची फोनलाइन रात्रंदिवस चालू असते. कॅसिनोवाल्यांनी आपल्याला आत घेऊ नये म्हणून स्वतःचं नाव राज्याच्या यादीत घालायचीही सोय आहे.

जिंकलोच तर कर लागतो का?

लागतो. स्लॉटवर मोठी रक्कम लागली की यंत्र थांबतं, माणूस येतो, ओळखपत्र मागतो आणि कराचा कागद करतो. पाहुणा म्हणून आलेल्या भारतीय नागरिकाचे तीस टक्के तिथेच कापले जातात. तो कागद जपून ठेवा.

शाकाहारी माणसाने खायचं काय?

थोडी तयारी करून जा. बोर्डवॉकवर पिझ्झा, बटाट्याचे तळलेले काप, मक्याच्या लाह्या, आइस्क्रीम मिळतं. फनेल केक दिसायला जिलबीच्या गुंत्यासारखा असतो, पण त्यात अंडं असतं. शहरात बांगलादेशी वस्ती मोठी आहे, त्यामुळे मसूरडाळ, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर असलेली वाण्याची दुकानं सापडतात. आम्ही तरीही धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतोच. उघड्यावर खाताना समुद्रपक्ष्यांवर लक्ष ठेवा. मागून येतात, पंखाचा वारा कानाला लागतो आणि हातातला घास गेलेला असतो.

लोणावळ्याहून चिक्की आणतात तशी इथून सॉल्ट वॉटर टॅफी आणायची. नावात खारं पाणी असलं तरी समुद्राचं पाणी त्यात नसतं. साखरेचा पाक ओढून ओढून केलेली मऊ गोळी असते, मेणकागदात गुंडाळलेली. १८८० च्या दशकापासूनचा हा मान आहे. काही चवींत अंड्याचा पांढरा भाग असू शकतो, तेव्हा डब्यावरची यादी वाचून घ्या. कवळी असलेल्यांना देऊ नका.

जवळपास आणखी काय बघण्यासारखं आहे?

ल्यूसी. दक्षिणेला काही मैलांवर मार्गेट गावात समुद्राकडे तोंड करून उभी असलेली हत्तीण. लाकडाची, वरून पत्र्याने मढवलेली, पासष्ट फूट उंच. १८८१ साली जेम्स लॅफर्टी याने जमिनी विकायला गिऱ्हाईक यावं म्हणून ती उभारली. पायातल्या गोल जिन्याने पोटात जायचं आणि वर पाठीवरच्या अंबारीत उभं राहून समुद्र बघायचा. अंबारी म्हणजे अगदी आपली अंबारी, दसऱ्याच्या मिरवणुकीत असते तशी. माझ्या आईने तिच्या पायाला हात लावून नमस्कार केला आणि मग तिथल्या मार्गदर्शक बाईंनी तो का, हे विचारलं. गणपतीची गोष्ट सांगण्यात आमची वीस मिनिटं गेली.

पावसाचा दिवस निघाला तर अबसीकन दीपगृह बघा. १८५७ साली पेटलेलं, १७१ फूट उंच, चढायला २२८ पायऱ्या. १९२९ चं बोर्डवॉक हॉलही आहे. जगातला सगळ्यात मोठा पाइप ऑर्गन तिथे आहे, तेहतीस हजारांहून जास्त नळ्यांचा, आणि त्याच्या दुरुस्तीचं काम चिकाटीने चालू आहे. याच सभागृहात १९६४ साली डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं होतं. मिसिसिपीतल्या शेतमजूर फॅनी लू हेमर यांनी काळ्या माणसांना मतदानासाठी कसा मार खावा लागतो, हे त्या अधिवेशनाच्या वेळी समितीपुढे बसून देशाला ऐकवलं.

एक्सप्रेसवे संपतो तिथे कपड्यांची आउटलेट दुकानं आहेत. न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर नाही, त्यामुळे भारतात न्यायची खरेदी तिथे उरकता येते.

शहर सुरक्षित आहे का? गावाचा मागचा भाग पडका दिसतो असं ऐकलंय.

बोर्डवॉकवर रात्री अकरापर्यंत आम्ही बायाबायाच फिरलो आहोत. बोर्डवॉकला समांतर जाणाऱ्या पॅसिफिक अव्हेन्यूच्या मागे मात्र उशिरा पायी जाऊ नका, जिटनी घ्या.

पडका दिसतो हे खरं आहे. विमानप्रवास स्वस्त झाला तशी लोकांची सुट्टी फ्लोरिडाकडे वळली आणि साठच्या दशकात गाव ओस पडलं. १९७६ साली राज्यातल्या मतदारांनी फक्त या शहरापुरती कॅसिनोंना परवानगी दिली. १९७८ च्या मे महिन्यात रिसॉर्ट्स नावाचा पहिला कॅसिनो उघडला, तोही दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांचं इस्पितळ झालेल्या जुन्या हॅडन हॉलच्या इमारतीत. कॅसिनोंच्या उत्पन्नावरच्या करातून राज्यातल्या ज्येष्ठांना आणि अपंगांना मदत मिळते, ती खरीखुरी आहे. पण मोठी हॉटेलं पाहुण्याला आतच ठेवतात. जेवण आत, दुकान आत. बाहेरच्या छोट्या खानावळी एकेक करून मिटल्या. पुढे पेनसिल्व्हेनियात कॅसिनो निघाले आणि २०१४ या एका वर्षात इथले चार बंद पडले. १९९० साली घुमट-मिनार लावून उभारलेला ताजमहाल नावाचा कॅसिनो २०१६ ला बंद झाला. आज त्याच जागी हार्ड रॉक हा कॅसिनो आहे. सध्या नऊ कॅसिनो चालू आहेत.

२०२० च्या जनगणनेत इथे साडेअडतीस हजार लोक होते. तुमची खोली आवरणारी बाई, कॉफी देणारा मुलगा याच गावात राहतात. खोली सोडताना पलंगाशेजारी काही डॉलर ठेवून या.

हे आपल्या गोव्यासारखंच का?

पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी बघितलेल्या लोकांना इथे आकार मोठा वाटेल, बाकी नवल वाटणार नाही. फरक एक: गोव्यात २०२० पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत प्रवेश नाही. इथे गावकऱ्यांना अशी बंदी नाही. महाराष्ट्राचं सांगायचं तर, न्यू जर्सीने कौल दिला त्याच १९७६ साली आपल्याकडेही कॅसिनोंचा कायदा झाला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला.

मराठी माणसं भेटतात का तिथे?

उन्हाळ्यातल्या शनिवारी बोर्डवॉकवर "अगं, पदर सांभाळ" हमखास ऐकू येतं. २०२२ च्या ऑगस्टात बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन याच शहरात, कन्व्हेन्शन सेंटरमध्ये झालं. करोनामुळे पुढे ढकललेलं. त्या चार दिवसांत नऊवारीतल्या बायका हॉटेलच्या लॉबीत ओळीने उभ्या होत्या आणि जिटनीचा चालक विचारत होता की आज कोणाचं लग्न आहे.

परत येताना वाटेत थांबण्यासारखं काही?

हो, आणि हे चुकवू नका. रूट ३० ने शहराबाहेर पडा, अबसीकनला रूट ९ वर उजवीकडे वळा. ओशनव्हिलला फॉरसाइथ अभयारण्य लागतं. आठ मैलांचा एकेरी कच्चा रस्ता खाजणातून जातो, गाडीतूनच बघायचं, हळू चालवायचं. उन्हाळ्यात बगळे आणि घारीसारखे मासेमार ऑस्प्रे दिसतात, थंडीत पांढऱ्या हंसांचे थवेच्या थवे. माशांच्या दिवसांत काचा वर ठेवा. सासऱ्यांनी तिथे गाडी थांबवायला लावली, काच थोडी खाली केली आणि चिखलाचा, खारट गवताचा वास घेतला. "ओहोटीला दाभोळच्या खाडीला असाच येतो," म्हणाले. पाण्यापलीकडे कॅसिनोंचे उंच मनोरे दिसत होते, इतक्या लांबून अगदी मुके, आणि मधल्या चिखलात एक बगळा एक पाय उचलून उभा होता.